ठिणगी की पेट्रोल? जुन्या फियाटचे दुखणे ओळखताना

मे महिन्यातील दुपार. घाटाची चढण निम्मी संपलेली असते आणि तोवर सुरळीत चाललेली जुनी फियाट दोन-चार आचके देऊन थांबते. स्टार्टर फिरतो, पण इंजिन दाद देत नाही. बॉनेट उघडून अर्धा तास सावलीत थांबले, की तीच मोटार काहीच न घडल्यासारखी सुरू होते. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. मग आधी कार्ब्युरेटर उघडला जातो, नंतर पेट्रोल पंप बदलला जातो आणि शेवटी 'इंजिनच उतरवावे लागेल' असा निर्वाळा मिळतो. एवढा खर्च होऊनही पुढच्या घाटात मोटार पुन्हा थांबतेच.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट ११०० आणि तिचीच पुढची आवृत्ती असलेली प्रीमिअर पद्मिनी यांचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. या टॅक्सींवर हात बसलेले मिस्त्री आता कमी होत चालले आहेत. त्यामुळे मोटार जपणाऱ्या मालकालाच तिच्या दुखण्याची जुजबी ओळख असणे गरजेचे झाले आहे. त्यात आणखी एक मुद्दा आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या मोटारीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते. मात्र ती मूळ स्वरूपात असावी, सांगाडा, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. चुकीच्या निदानापायी इंजिन बदलणे म्हणूनच दुहेरी महागात पडू शकते.

एकच लक्षण, अनेक कारणे

पेट्रोल इंजिनाला चालण्यासाठी योग्य वेळी ठिणगी, योग्य प्रमाणात पेट्रोल व हवा आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब लागतो. थंड असताना जे इंजिन उत्तम चालते, त्याच्या दाबाविषयी तूर्त शंका घेण्याचे कारण नाही. उरतात ठिणगी आणि पेट्रोल. अडचण अशी, की दोन्हीकडचे दोष उष्णतेने सारखेच उफाळून येतात. कॉइलच्या आतील तारेचे आवरण तापल्यावर दगा देते आणि ठिणगी बंद होते. दुसरीकडे पंपातील वा नळीतील पेट्रोलची उष्णतेने वाफ होते, ती पंपाला ओढता येत नाही आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. यालाच 'व्हेपर लॉक' म्हणतात. इंजिन निवल्यावर दोन्ही दोष नाहीसे होतात. म्हणून तपासणी मोटार बंद पडलेली असताना, तापलेल्या अवस्थेतच करावी लागते. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत पुरावा नाहीसा झालेला असतो.

आधी ठिणगी पाहावी

यासाठी गाडीत एक जादा स्पार्क प्लग ठेवावा. इंजिनातील एका प्लगची वायर काढून ती या जादा प्लगला जोडावी, त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवावा आणि सोबतच्या माणसास स्टार्टर मारण्यास सांगावे. इंजिनातील प्लग जागेवरच राहिल्याने पेट्रोलची वाफ बाहेर येऊन पेटण्याचा धोका टळतो. वायर हाताने न धरता इन्सुलेटेड पकडीने धरावी. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी तर यापासून दूरच राहावे. पेट्रोल कोठे गळत असेल, तर ही चाचणी मुळीच करू नये.

ठिणगी निळसर आणि तडतडणारी असेल, तर रोख पेट्रोलकडे वळवावा. नसेल, तर बारा व्होल्टचा लहान बल्ब आणि दोन वायरी पुरतात. बल्बचे एक टोक इंजिनाच्या धातूला लावावे, इग्निशन चालू करावे आणि दुसरे टोक कॉइलच्या स्विचकडील जोडणीला लावावे. बल्ब लागला नाही, तर दोष स्विच वा वायरिंगमध्ये आहे. लागला, तर तेच टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडील जोडणीला लावून स्टार्टर मारावा. बल्ब लुकलुकला, तर पॉइंट उघडझाप करीत आहेत. सतत पेटलेला राहिला, तर पॉइंट जळाल्यामुळे वा त्यांतील अंतर वाढल्यामुळे मिटत नाहीत. अजिबात लागला नाही, तर पॉइंट उघडत नाहीत, त्यांची वायर कोठेतरी धातूला टेकली आहे किंवा कॉइलची आतील तार तुटली आहे.

बल्ब लुकलुकूनही प्लगवर ठिणगी नसेल, तर डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाच्या मधली वायर काढून तिच्यावर ठिणगी पाहावी. येथे ठिणगी असेल, तर टोपण वा रोटर सदोष असतो. येथेही नसेल, तर संशय कॉइल आणि कंडेन्सरवर जातो. नवे पॉइंट वारंवार जळत असतील, तर कंडेन्सर आणि कॉइल दोन्ही तपासावेत. काही कॉइल वेगळ्या रेझिस्टन्सबरोबर वापरण्यासाठी बनवलेल्या असतात. तशी कॉइल बाजारातून आणून थेट जोडली, तर तिच्यातून जादा प्रवाह जातो. ती तापते आणि पॉइंटही जळतात. नवा भाग योग्यच असेल, असे गृहीत धरू नये.

मग पेट्रोलकडे

ठिणगी ठीक असल्यास सर्वात सोपी तपासणी आधी करावी. पेट्रोल टाकीचे झाकण उघडावे. 'फुस्स' असा आवाज होऊन मोटार थोड्या वेळात सुरू झाली, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले आहे. पेट्रोल कमी होत जाते, हवा आत शिरत नाही आणि अखेर पंपाची ओढ अपुरी पडते. या छिद्रापायी कित्येक चांगले पंप बदलले जातात.

तसे नसेल, तर पंपावर आणि नळीवर ओले फडके ठेवावे. टॅक्सीचालकांचा हा जुना तोडगा निदान म्हणूनही उपयोगी आहे. काही मिनिटांत इंजिन सुरू झाले, तर व्हेपर लॉकची शक्यता बळावते. कायमच्या उपायासाठी नळी एक्झॉस्टपासून दूर न्यावी आणि कूलिंग व्यवस्था तपासावी. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुने रबर त्यासाठी बनलेले नव्हते. त्यामुळे नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचेच बसवावेत. नळीला भेगा दिसल्यास ती त्याच दिवशी बदलावी. गरम इंजिनावर गळणारे पेट्रोल आगीला निमंत्रण असते.

रंगाखाली दडलेला दोष

नव्याने रंगवलेल्या मोटारीत आणखी एक दोष आढळतो. दिवे मंद, हॉर्न क्षीण आणि स्टार्टर रडतखडत फिरणारा. साहजिकच बॅटरी बदलली जाते, पण फरक पडत नाही. कारण बॅटरीचा प्रवाह बॉडीमार्फत परत येत असतो आणि अर्थिंगच्या पट्टीखाली रंगाचा थर आलेला असतो. इंजिनाची अर्थिंग तुटली, तर स्टार्टरचा प्रवाह चोक वा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. अशी केबल तापू लागली, तर दोष तेथेच समजावा. स्टार्टर फिरत असताना मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या धातूवर ठेवावी. अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा आला, तर पट्टीखालचा भाग घासून स्वच्छ करावा.

फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळण्याची सवय मात्र सोडावी. फ्यूज जळतो, कारण पुढे कोठेतरी दोष असतो. चांदी लावली की फ्यूजऐवजी वायरिंग जळते.

एका वेळी एकच बदल

पॉइंट, कंडेन्सर, कॉइल आणि प्लग एकदम बदलून मोटार सुरू झाली, तरी दोष कशात होता हे कळत नाही आणि चांगले मूळ भाग भंगारात जातात. एका वेळी एकच भाग बदलावा, मोटार तितक्याच वेळ आणि तितक्याच उन्हात चालवून पाहावी आणि परिणाम वहीत लिहून ठेवावा. मोटार किती वेळाने बंद पडली, त्या वेळी ठिणगी होती का आणि निवल्यावर किती मिनिटांत सुरू झाली, या तीन नोंदी मिस्त्रीपुढे ठेवल्या, तर इंजिन उतरवण्याची वेळ बहुधा येत नाही.