प्रतिपिंडांची पकड आणि जीवाणूंची ओळख

आजच्या विवेचनासाठी मी मुद्दाम एक साधी चाचणी निवडली आहे. काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब घ्यावा, त्यात जीवाणूंची वसाहत कालवावी, प्रतिपिंडयुक्त रक्तरसाचा थेंब सोडावा आणि पट्टी हलके हलवावी. मिनिटभरात तो दुधी द्रव नासलेल्या दुधासारखा कणीदार झाला, म्हणजे ‘समूहन’ झाले, की जीवाणू ओळखला गेला असे आम्ही मानतो. साल्मोनेला या वंशाचे २,५०० हून अधिक प्रकार मुख्यतः अशा समूहनावरूनच ठरविले गेले आहेत.

परंतु ही कणी नेमके काय सांगते? प्रतिपिंडाचा एक बाहू जीवाणूच्या पृष्ठभागावरील शर्करासाखळीचा छोटासा भाग धरतो. हे बंधन जुळते, सुटते, पुन्हा जुळते. आयजीजी या प्रतिपिंडास असे दोन बाहू असतात, तर आयजीएमला दहा. शिवाय त्या साखळीत तीच नक्षी पुनःपुन्हा आलेली असते. एक बाहू सुटला तरी इतरांनी धरून ठेवलेले असते. त्यामुळे एकेकटी दुबळी असलेली बंधने एकत्र येऊन घट्ट पकड निर्माण करतात. काचपट्टीला ही एकंदर पकडच दिसते. एकेका बंधनाचे बळ दिसत नाही.

म्हणूनच नेमका न जुळणारा रक्तरसही कधीकधी समूहन घडवितो. रक्तरस विरळ केल्यास अशी कच्ची पकड बहुधा आधी सुटते. पण सर्वच घोटाळे दुबळ्या पकडीचे नसतात. टायफॉइडच्या जीवाणूवर ९ आणि १२ या क्रमांकांचे प्रतिजन असतात, पॅराटायफॉइड ‘ए’वर २ आणि १२. टायफॉइडविरुद्ध तयार केलेला रक्तरस सामाईक १२ मुळे दोघांनाही धरतो, आणि चांगला घट्ट धरतो. येथे बळ वाढवून काही साधत नाही. कॅस्टेलानी यांनी १९०२ मध्ये दाखविलेली युक्ती वजाबाकीची आहे : ज्यावर १२ आहे पण ९ नाही, असा जीवाणू रक्तरसात मिसळावा, त्याने आपले प्रतिपिंड शोषून घेतले की तो काढून टाकावा. मागे उरतो तो ९ ओळखणारा रक्तरस. मला ही युक्ती फार देखणी वाटते.

याच्या उलट अडचणही असते. टायफॉइडच्या ताज्या जीवाणूभोवती ‘व्हीआय’ प्रतिजनाचे आवरण असू शकते. फेलिक्स आणि पिट यांनी १९३४ मध्ये त्याचे वर्णन केले. प्रतिपिंड कितीही बळकट असो, त्याला खालच्या ९ पर्यंत पोहोचताच येत नाही आणि द्रव नितळ एकजीव राहतो. मिश्रण उकळत्या पाण्यात ठेवून, निववून पुन्हा तपासले की समूहन दिसते. हे न करणारा तंत्रज्ञ रुग्णाच्या रक्तातून वाढविलेला टायफॉइडचा जीवाणू ‘टायफॉइड नव्हे’ म्हणून बाजूला सारील, आणि रुग्णाचे उपचार लांबतील. उलट, केवळ व्हीआय रक्तरसावर विसंबणेही धोक्याचे. सिट्रोबॅक्टरच्या काही जातींवरही तेच आवरण आढळते. त्यामुळे शर्करा आंबविण्यासारख्या जैवरासायनिक कसोट्या सोबत लागतातच.

आणखी एक गोष्ट. काही जुनाट, खरखरीत वसाहती रक्तरसाविनाच, नुसत्या मिठाच्या पाण्यातही कणीदार होतात. त्यामुळे शेजारी रक्तरस न घातलेला एक थेंब ठेवून आधी त्याकडे पाहायचे, आणि तो नितळ असेल तरच दुसऱ्या थेंबाचा निकाल लिहायचा.