पायथनमधून कमांड मारताना

जुन्या मराठी मासिकांचे आणि दिवाळी अंकांचे स्कॅन शोधता येण्याजोग्या मजकुरात बदलायचं काम माझ्याकडे असतं. कुणी पीडीएफ पाठवतं, माझी पायथन स्क्रिप्ट तिची पानं सुटी करते, एकेक पान वाचून घेते आणि मजकूर साठवते. खरं म्हणजे यातलं अवघड काम स्क्रिप्ट स्वतः करतच नाही. पानांची चित्रं काढून देतो पॉपलर संचातला एक प्रोग्राम, आणि अक्षरं ओळखतो टेसरॅक्ट. टेसरॅक्टवरचं काम १९८५ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डच्या ब्रिस्टलमधल्या प्रयोगशाळेत सुरू झालं, २००५ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला, आणि आज त्याच्यासाठी मराठीची स्वतंत्र प्रशिक्षित फाइल मिळते. इतक्या वर्षांची मेहनत तयार असताना ती पायथनमध्ये नव्याने लिहिण्यात काय अर्थ? स्क्रिप्टने कमांड मारायची, निकाल घ्यायचा आणि पुढच्या पानाकडे वळायचं.

कमांड मारायला एक ओळ पुरते. पण ती कुणाच्या हातून जाते आणि तिचं उत्तर नीट ऐकलं जातं का, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. माझ्या स्क्रिप्टमधला बराचसा मजकूर या दोन गोष्टींसाठीच लिहिलेला आहे.

आधी, कमांड मारली की नेमकं होतं काय ते बघू. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवलं, तेव्हापासूनची पद्धत अशी: चालू प्रोसेस आधी स्वतःचीच एक प्रत काढते, याला फोर्क म्हणतात. मग ती प्रत आपला सगळा ऐवज टाकून देते आणि तिच्या जागी दुसरा प्रोग्राम बसतो, हे एक्झेक. नव्या प्रोसेसला तीन वाटा वारशाने मिळतात. शून्य क्रमांकाची वाट आत यायची, एक क्रमांकाची निकाल बाहेर जायची आणि दोन क्रमांकाची तक्रारी सांगायची. काम संपलं की ती एक छोटा आकडा मागे ठेवून जाते. मूळ प्रोसेसला या नव्या प्रोसेसबद्दल, म्हणजे आपल्या मुलाबद्दल, जे कळतं ते या वाटांमधून आणि त्या आकड्यातून.

आता फाइलच्या नावांकडे वळतो, कारण खरी परीक्षा तिथे होते. माझ्याकडे येणाऱ्या फाइलींची नावं माणसांनी माणसांसाठी ठेवलेली असतात. ‘दिवाळी अंक १९६२ (भाग २).पीडीएफ’ हे त्यांतलं अगदी सरळ नाव. हे नाव जोडून कमांडची अख्खी ओळ तयार केली आणि पायथनला ‘शेल ट्रू’ म्हणून सांगितलं, तर ती ओळ आधी शेलच्या, म्हणजे टर्मिनलवर टाइप केलेल्या कमांडी वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, हातात जाते, आणि शेल ती नव्याने वाचायला बसतं. मोकळी जागा दिसली की तुकडे पाडतं, त्यामुळे ‘दिवाळी’ ही एक फाइल ठरते आणि ‘अंक’ दुसरी. कंस दिसला की त्याला कंसाचा आपला वेगळा अर्थ लागतो आणि ते सिंटॅक्स एरर देऊन थांबतं. इथे थांबलं हे भाग्यच. नावात अर्धविराम असता तर शेलने पहिली कमांड तिथे संपली असं मानलं असतं आणि पुढचा मजकूर दुसरी कमांड म्हणून चालवला असता. लिनक्सवर फाइलच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं. अनोळखी माणसाने पाठवलेल्या फाइलच्या नावात अर्धविरामापुढे फोल्डर पुसायची कमांड लिहिलेली असेल, तर तीही चालेल.

हीच कमांड यादी म्हणून दिली, म्हणजे प्रोग्रामचं नाव वेगळं, प्रत्येक पर्याय वेगळा आणि फाइलचं नाव एकसंध वेगळं, तर शेल मध्ये येतच नाही. मोकळी जागा, कंस, अर्धविराम हे सगळं जसंच्या तसं प्रोग्रामपर्यंत पोचतं आणि तिथे ते फक्त नाव असतं. एक फट तरीही राहते. नाव आडव्या रेघेने सुरू झालं तर प्रोग्राम त्याला पर्याय समजतो. म्हणून मी प्रत्येक फाइलचा मुळापासूनचा पूर्ण मार्ग देतो.

पीटर ओस्ट्रँड यांनी २००३ मध्ये पायथनसाठी सबप्रोसेस मॉड्यूलचा प्रस्ताव मांडला आणि २००४ मध्ये पायथन २.४ सोबत ते आलं. आपण मुद्दाम मागितल्याशिवाय शेल मध्ये येणार नाही, हा त्यातला निर्णय मला फार मोलाचा वाटतो. सप्टेंबर २०१४ मध्ये बॅश या शेलमधला शेलशॉक नावाचा दोष उघडकीला आला तेव्हा या निर्णयाची किंमत जगाला कळली. ब्राउझरकडून आलेला मजकूर काही वेबसर्व्हर एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये ठेवत, आणि बॅश सुरू होताना त्यातला विशिष्ट आकाराचा मजकूर चक्क चालवत असे. अवतरणचिन्हं कितीही काळजीपूर्वक लावली तरी तिथे उपयोग नव्हता. टर्मिनलवर बसून हाताने काम करताना मला शेल मनापासून आवडतं. एका प्रोग्रामचा निकाल पाइपने दुसऱ्यात सोडायची सोय, डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने १९७३ मध्ये युनिक्समध्ये आलेली, आजही तितकीच देखणी आहे. पण लोकांनी पाठवलेली नावं त्याच्यासमोर ठेवायची नाहीत, यावर मी ठाम आहे.

आता उत्तर ऐकण्याबद्दल. मागे राहिलेला आकडा शून्य असेल तर काम झालं. दुसरा काही असेल तर काहीतरी बिनसलं. आपण ‘चेक ट्रू’ म्हटलं नाही तर पायथन हा आकडा बघून काही बोलत नाही, पुढच्या ओळीवर जातो, आणि एखादं पान कोरं राहिल्याचं फार उशिरा लक्षात येतं. उणे नऊ आला तर बहुतेक वेळा चित्र अवाढव्य होतं, मेमरी पुरली नाही आणि कर्नलने प्रोसेस मारली. शून्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. आडवं स्कॅन झालेलं पान टेसरॅक्ट वाचतो, निरर्थक चिन्हांची रांग देतो आणि शून्य सांगून निघून जातो. त्याच्या दृष्टीने काम झालेलं असतं. म्हणून निकालात देवनागरी अक्षरांचं प्रमाण किती आहे ते मी वेगळं मोजतो.

एकदा सकाळी माझा तरुण सहकारी म्हणाला, “दादा, पहाटेपासून एकाच अंकावर अडकलंय. एरर पण नाही.” टॉप लावून पाहिलं, तर स्क्रिप्टही झोपलेली आणि पॉपलरचा प्रोग्रामही झोपलेला, प्रोसेसरचा वापर शून्य. एसट्रेसने आत डोकावल्यावर दिसलं की पॉपलर दोन क्रमांकाच्या वाटेवर लिहायला गेलाय आणि तिथेच थांबलाय. पीडीएफ बिघडलेली होती. तिच्यातल्या प्रत्येक दोषाबद्दल तो एकेक तक्रार लिहीत होता. लिनक्समधल्या पाइपात साधारणपणे ६४ किलोबाइट मावतात. ते भरले, आणि पलीकडून कुणी वाचत नव्हतं. स्क्रिप्ट त्याच्या संपण्याची वाट बघत होती आणि तो पाइप रिकामा होण्याची. हे जगाच्या अंतापर्यंत तसंच राहिलं असतं. ‘कम्युनिकेट’ वापरलं की पायथन दोन्ही वाटा एकाच वेळी वाचत राहतो आणि पाइप तुंबत नाही.

आपल्या लिपीचा इथे आणखी एक प्रश्न असतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. निकाल ठरावीक बाइटच्या तुकड्यांत वाचला तर कडेचं चिन्ह मधोमध चिरलं जाऊ शकतं. म्हणून सगळे बाइट गोळा करायचे आणि मगच त्यांचा मजकूर करायचा.

वेळेची मर्यादाही घालावी लागते, कारण काही पानं टेसरॅक्टला खरोखर सुटत नाहीत. पण पायथनने वेळ संपल्यावर मारलेला सिग्नल फक्त थेट मुलापर्यंत जातो. मध्ये शेल असेल आणि ओळीत पाइप असेल, तर शेल मरतं आणि त्याने सुरू केलेला टेसरॅक्ट बेवारस होऊन चालत राहतो. प्रोसेस क्रमांक एक त्याला आपलं म्हणते, आणि तो आपला प्रोसेसर खात बसतो. म्हणून मी प्रत्येक मुलाला वेगळ्या सेशनमध्ये सुरू करतो आणि वेळ संपली की सिग्नल त्या अख्ख्या प्रोसेस-गटाला पाठवतो. मग पुन्हा एकदा आकडा वाचतो, पानाचा क्रमांक लॉगमध्ये लिहितो आणि ते पान हाताने बघायच्या यादीत टाकतो.