जुना अ‍ॅम्प्लिफायर घेताना अर्धा तास घालवा, नाहीतर भांडवल घालवाल



"सर, हातात पंधरा-वीस हजार आहेत, गाव सोडायचं नाही, काय सुरू करू?" हा प्रश्न आपल्या चॅनेलवर सगळ्यात जास्त येतो. त्यावर एक उत्तर मी बऱ्याचदा देतो. घरगुती जुने म्युझिक सिस्टिम घ्या, तपासा, दुरुस्त करा आणि विका. अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकरची जोडी, होम थिएटर, डेक. शहरात लोक घर बदलतात, टीव्हीखाली साउंडबार येतो आणि चांगला चालणारा सिस्टिम माळ्यावर जातो. गावाकडे तोच सिस्टिम कुणालातरी हवा असतो.

पण या धंद्यात बरेच जण पहिल्या चार-पाच नगांतच बसतात. विकता येत नाही म्हणून नव्हे. घेता येत नाही म्हणून!

आधी हिशोब, मग आवाज

समजा, तुमचं दुकान शिरड शहापूरला आहे. एका बाजूला औंढा, दुसऱ्या बाजूला वसमत. माल तुम्ही नांदेड-परभणीतून आणणार. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला.

पाच नग घेतले, प्रत्येकी ३,००० रुपयांना. झाले १५,०००. गाडीभाडं, सुटे भाग, किरकोळ दुरुस्ती मिळून नगामागं ६००, म्हणजे आणखी ३,०००. एकूण गेले १८,०००. आता पाचातला एक नग बाद निघाला, सुट्या भागांच्या भावात १,००० ला गेला. उरलेल्या चार नगांनी १७,००० परत आणायचे. म्हणजे एकेक नग ४,२५० ला विकला तर तुम्ही फक्त बरोबरीत येता.

आपण मनात काय हिशोब करतो? "तीन हजाराला घेतला, चार हजाराला दिला, हजार सुटले." सुटले कुठं? चारही नग ४,००० ला दिले तर तुमच्या खिशातून हजार रुपये गेले.

आता चारही नग ५,००० ला विका. २०,००० आणि बाद नगाचे १,०००. खर्च वजा जाता ३,००० उरले. पण तो बाद नग तुम्ही घेतानाच ओळखून सोडला असता तर? खर्च १४,४००, विक्री २०,०००, उरले ५,६००. म्हणजे एक "नको" म्हणण्याची किंमत २,६०० रुपये. बाजारातले जुने व्यापारी म्हणतात ना, नफा घेतानाच होतो. तो असा होतो.

जागेवरची तपासणी

पिशवीत चार वस्तू कायम ठेवा: मल्टिमीटर, सिरीज बोर्ड, स्वतःचा एक छोटा चालू स्पीकर आणि गाणी भरलेला मोबाईल, वायरसकट. विकणारा म्हणेल, "अहो, चालूच आहे, घेऊन जा." हसून म्हणा, "काका, लावून बघू की."

आधी बंद मशीन बघा. उचलून पाहा. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वजन ट्रान्सफॉर्मरचं असतं. मोठं खोकं आणि हलकं वजन म्हणजे आत फारसं काही नाही. स्क्रूची डोकी खराब झालीत का? मग कुणीतरी आधी उघडलाय. जाळीतून वास घ्या, जळका वास लपत नाही. फ्यूजच्या जागी तार गुंडाळली असेल तर समजा, इथं फ्यूज वारंवार उडत होता.

मग सिरीज बोर्ड. यात १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब असतो, एलईडी चालत नाही. अ‍ॅम्प्लिफायर त्यातून चालू करा, आवाज शून्यावर, स्पीकर जोडायचा नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. तिथंच थांबा. नव्या हलक्या मशीनमध्ये एसएमपीएस असतो, त्यात बल्ब मिणमिणू शकतो, त्यावरून लगेच निकाल देऊ नका.

तिसरं काम बहुतेक जण करत नाहीत. स्पीकर न जोडता, गाणं न लावता, स्पीकरच्या दोन टर्मिनलमध्ये मल्टिमीटरनं डीसी व्होल्ट मोजा. काही मिलिव्होल्ट दिसले तर चालेल. पण पाच, दहा, वीस व्होल्ट दिसले तर आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा आयसी गेली आहे. असा अ‍ॅम्प्लिफायर तुमच्या चांगल्या स्पीकरची कॉइलही जाळतो.

आता स्पीकर जोडा. गाणं न लावता आवाज हळूहळू वाढवा. घूंऽऽ असा सतत आवाज येत असेल तर फिल्टर कॅपॅसिटर थकलेत. बटण फिरवताना खरखर येत असेल तर घाबरू नका, बऱ्याचदा ती कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्यानं जाते. उलट ती खरखर तुमच्या फायद्याची. तिच्यावर बोट ठेवून भाव कमी करता येतो. मग डावी बाजू, उजवी बाजू वेगवेगळी ऐका.

शेवटी गाणं लावून अर्धा तास चालू ठेवा. थंड असताना ठणठणीत आणि गरम झाल्यावर गप्प होणारी मशीन भरपूर असतात. विकणाऱ्याला घाई असेल तर तुम्हाला ती नको.

एक सूचना. आत २३० व्होल्ट येतात आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरमध्ये करंट राहतो. काम येत नसेल तर मशीन उघडू नका, जाणता मेकॅनिक सोबत घ्या.

स्पीकर कसा बघायचा

मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि सुटा स्पीकर मोजा. ८ ओहम लिहिलेला स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो, ४ ओहमवाला साडेतीनच्या आसपास. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. मग दोन्ही हातांची बोटं कागदावर सारख्या अंतरावर ठेवून हळूच आत दाबा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल घासतेय.

कडेची रिंग फोमची असेल तर नखानं हलकेच दाबून बघा. जुना फोम वर्षांनी भुसभुशीत होऊन गळतो. तो बदलता येतो, पण तो खर्च खरेदीच्या भावातून वजा करा. रबर आणि कापडाची रिंग जास्त टिकते.

खोक्यावरचे वॅट विसरा

"भाऊ, पाच हजार वॅटचा आहे!" हे तुम्ही ऐकणारच. ते वॅट पीएमपीओ असतात, म्हणजे जाहिरातीचा आकडा. कामाचा आकडा आरएमएस. तो लिहिलेला नसेल तर मशीनच्या मागची पट्टी वाचा. तिथं वीज किती लागते ते असतं. १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर असेल तर १२ गुणिले २, म्हणजे २४ वॅट. आत २४ वॅट जात असतील तर बाहेर पाच हजार सतत कुठून येणार? साध्या ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आत गेलेल्या विजेतली साधारण निम्मी आवाज होते, बाकीची उष्णता.

आपल्याकडच्या लोकल सेटमध्ये ४४४० नंबरची आयसी सर्रास असते. कंपनीच्या माहितीपत्रकात ती दोन बाजूंना प्रत्येकी ६ वॅट देते, ब्रिज करून एकाच स्पीकरला १९. बैठकीच्या खोलीला तेवढं पुरतंही! पण भाव ६ वॅटचा द्या, खोक्यावरच्या आकड्याचा नको.

दोन मशीनची तुलना

समजा, दोन अ‍ॅम्प्लिफायर समोर आहेत आणि एकच घ्यायचाय. इथं आपला कानच आपल्याला फसवतो. ज्याचा आवाज जरा मोठा, तोच आपल्याला "चांगला" वाटतो. विकणाऱ्याला हे माहीत असतं. तो महागड्या नगाचा आवाज जरा चढा ठेवतो.

म्हणून चार नियम. स्पीकर तोच. गाणं तेच, तुमच्या रोजच्या ऐकण्यातलं. टोनची बटणं मध्यावर. आणि आवाजाची पातळी सारखी. मोबाईलमधलं आवाज मोजायचं मोफत अ‍ॅप घ्या, फोन एकाच जागी ठेवा आणि दोन्हींचा आकडा जुळवा. आकडा अगदी अचूक नसला तरी चालतो, सारखा असला म्हणजे झालं. मग सोबतच्या माणसाला अदलाबदल करू द्या, कोणता चालू आहे ते त्यानं सांगायचं नाही.

ऐकायचं काय? गाणाऱ्याचे शब्द स्वच्छ येतात का. तबल्याची थाप मोकळी येते की नुसतं धबधब. गाणं थांबल्यावर शांतता राहते का. फरक कळलाच नाही तर तोच निकाल! स्वस्तातला घ्या.

अजून एक. एचडीएमआय येण्याआधीच्या जुन्या होम थिएटर रिसीव्हरला टीव्हीसाठी कुणी विचारत नाही, म्हणून भाव पडलेले असतात. पण गाणी ऐकायला त्यातला अ‍ॅम्प्लिफायर दणकट असू शकतो. मागच्या ऑक्स जागेत छोटा ब्लूटूथ रिसीव्हर लावा, गिऱ्हाइकाच्या फोनला तो लगेच जोडला जातो.

कागद आणि शब्द

माल घेताना विकणाऱ्याचं नाव, ओळखपत्राची प्रत, मॉडेल आणि सिरीयल नंबर वहीत लिहा, सही घ्या. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं गुन्हा आहे. सिरीयल नंबर खरवडलेला असेल तर भाव कितीही पडता असू द्या, हात लावू नका.

महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला साधारणपणे वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. पुढे वाढलात तर जुन्या वस्तूंसाठी मार्जिन योजना आहे, त्यात खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर बसतो. तेव्हा सीएला विचारा. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. आणि बाद बोर्ड उकिरड्यावर टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या.

विकताना तीच तपासणी गिऱ्हाइकासमोर पुन्हा करा. सिरीज बोर्ड लावा, मीटर दाखवा, दोन नग सारख्या आवाजात ऐकवा. दोष असेल तर पावतीवर लिहा: "डाव्या बाजूचं बटण बदललं." तीस दिवसांचा शब्द द्या आणि पाळा. हळदीचे पैसे हातात आल्यावर सिस्टिम घेणारा शेतकरी पुन्हा तुमच्याकडं येईल का, ते इथं ठरतं. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात विकणारा आणि घेणारा पुन्हा भेटतीलच असं नाही. शिरड शहापुरात तो उद्या सकाळी चहाच्या टपरीवर भेटणार. एक बाद नग गळ्यात मारलात तर ३,००० वाचतील, पण दुकानाचं नाव जाईल. उलट, "त्यानं मला स्वतःहून दोष सांगितला" हे वाक्य त्या टपरीवर एकदा बोललं गेलं, की जाहिरातीची गरज नाही.

या आठवड्याचं काम

काही विकत घेऊ नका. घरातला किंवा शेजारचा एक जुना सिस्टिम घ्या आणि वरची तपासणी वही समोर ठेवून करा. शेवटी लिहा: "हा मी जास्तीत जास्त इतक्या रुपयांना घेईन, कारण..." असे पाच नग तपासून झाले, पाच "कारण" लिहून झाली, की मगच पाकिटाला हात घाला.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोवर मीटर जवळ ठेवा आणि घाई लांब ठेवा!