चुंबक, स्मरणशक्ती आणि १६ डोकी

रोज २० मिनिटं, सलग ५ दिवस. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जोएल व्हॉस यांच्या चमूने २१ ते ४० वयाच्या १६ निरोगी माणसांच्या डोक्याला डाव्या बाजूने चुंबकीय कॉइल लावली आणि त्यांची स्मरणशक्ती सुधारल्याचं २०१४च्या ऑगस्टमध्ये ‘सायन्स’मध्ये जाहीर केलं. परीक्षा चेहरा आणि शब्द यांच्या जोड्या लक्षात ठेवण्याची होती. तीही शेवटच्या सत्रानंतर २४ तासांनी घेतलेली, म्हणजे उत्तेजनाचा तात्पुरता भर ओसरल्यावर. याच माणसांना दुसऱ्या एका आठवड्यात खोटं उत्तेजन दिलं, तेव्हा तशी सुधारणा दिसली नाही.

त्या २० मिनिटांचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. २ सेकंद ठोके, मग २८ सेकंद विश्रांती. ठोक्यांचा वेग सेकंदाला २०, म्हणजे एका फेरीत ४०. अशा ४० फेऱ्यांचे झाले १६०० ठोके. एक ठोका साधारण पाव मिलिसेकंदाचा धरला, तर दिवसाकाठी चुंबक प्रत्यक्षात काम करतं जेमतेम ०.४ सेकंद. बाकी वेळ खुर्चीत बसून राहायचं. मात्र त्या निमिषापुरतं चुंबकीय क्षेत्र १.५ ते २ टेस्लाच्या घरात, एमआरआय यंत्राच्या तोडीचं असतं. ते झपाट्याने वाढतं-ओसरतं, त्यामुळे कवटीखालच्या पेशींमध्ये वीज निर्माण होते. १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर, शस्त्रक्रियेविना, माणसाचा हात हलवून दाखवला होता.

अडचण खोलीची आहे. नेहमीच्या कॉइलचा प्रभाव २-३ सेंटिमीटरपर्यंतच पोचतो आणि नवी आठवण घडवणारा हिप्पोकॅम्पस त्याहून आत दडलेला. म्हणून या चमूने आडवाट धरली: प्रत्येकाच्या मेंदूचं स्कॅनिंग करून हिप्पोकॅम्पसशी घट्ट जोडलेला पृष्ठभागावरचा बिंदू शोधला आणि तिथे ठोके दिले. माझ्या मते या प्रयोगातली खरी अक्कल चुंबकापेक्षा या नकाशात आहे.

२०१९मध्ये हीच पद्धत ६४ ते ८० वयाच्या १५ जणांवर वापरली गेली. उत्तेजनाआधीच्या चाचणीत तरुणांची सुमारे ५५ टक्के उत्तरं बरोबर होती, ज्येष्ठांची ४० टक्क्यांहून कमी. ५ दिवसांच्या उत्तेजनानंतर ज्येष्ठ तरुणांच्या पातळीला आले. ही मंडळी निरोगी होती, त्यांना अल्झायमर नव्हता, हे मथळे वाचताना सहज निसटतं.

मग २०२० साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ४० निरोगी माणसं घेतली. निम्म्यांना डोक्याच्या त्याच भागावर, निम्म्यांना वेगळ्या जागी, सेकंदाला २० ठोक्यांच्याच वेगाने, ४ दिवस उत्तेजन दिलं. मेंदूतल्या जोडण्यांमध्ये बदल दिसला, स्मरणात नाही. एक दिवस कमी पडला असं म्हणता येईल, पण १६ माणसांवर उभा असलेला निष्कर्ष ४० जणांत सापडू नये, ही बाब डावलण्यासारखी नाही.

सरासरीच्या आड माणसामाणसांतला फरकही लपतो. २००५मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत ठोक्यांचा एक जलद प्रकार निघाला: ६०० ठोके ४० सेकंदांत सलग दिले तर मेंदूचा ठोके मिळालेला भाग मंदावतो, तेच तुटक-तुटक १९० सेकंदांत दिले तर चेततो. पुढे २०१३मध्ये ५६ जणांवर हे प्रकार तपासले, तेव्हा गटाची सरासरी जवळपास जागची हललीच नाही. कुणी अपेक्षेप्रमाणे प्रतिसाद दिला, कुणी नेमका उलटा.

स्मृती बिघडवण्याचा पुरावा मात्र जास्त रेखीव आहे. २००२मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या प्रयोगात लोकांनी बोटांची चिमूट झटक्यात दाबण्याचा सराव केला. सरावानंतर लगेच सेकंदाला एक ठोका या संथ गतीने १५ मिनिटं उत्तेजन दिलं, तर कमावलेलं कौशल्य निसटलं. ६ तासांनी दिलं तर काहीच बिघडलं नाही. शिकलेलं मुरायला लागणारी वेळ इथे घड्याळावर दिसते. ‘स्मरणशक्ती वाढवा’ म्हणणाऱ्या कुणालाही माझा पहिला प्रश्न म्हणूनच हा: ठोके अभ्यासाआधी देणार की नंतर, आणि किती वेळाने?

धोक्याचा आकडा दिलासा देणारा आहे. २०१२ ते २०१६ या काळातल्या ३ लाख १८ हजार ५६० सत्रांच्या पाहणीत फिट येण्याच्या २४ घटना नोंदल्या गेल्या, म्हणजे साधारण १३ हजार सत्रांमागे एक. अर्थात हा हिशेब प्रशिक्षित हातांचा आहे. डोक्यात धातूचं रोपण किंवा फिट येण्याचा इतिहास असेल तर गणित बदलतं.

मुंबई-पुण्यात हे चुंबकीय उपचार मिळतात ते प्रामुख्याने नैराश्यासाठी. अमेरिकेत त्यांना २००८मध्ये मान्यता मिळाली, ती ३०१ रुग्णांच्या चाचणीच्या आधाराने. त्या चाचणीतही मुख्य निकषाचा पी-मूल्याचा आकडा (निव्वळ योगायोगानेही असा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५७ आला होता, ०.०५ या रूढ मर्यादेच्या किंचित बाहेर. स्मरणशक्ती वाढवण्याच्या वर दिलेल्या तीन प्रयोगांतली माणसं एकत्र मोजली तर होतात ७१.