शरीरातील कात्री आणि औषधाचे बिल

आमच्या कापडबाजारात दिवसभर गादीवर बसून धंदा चालतो. मधुमेह घरोघर आहे. दरमहा औषधाचे बिल भरणारे पुष्कळ, पण गोळी काय काम करते हे विचारणारे थोडे. म्हणून सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन या 'ग्लिप्टिन' गोळ्यांविषयी दोन शब्द.

रोगाशी लढणाऱ्या टी पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-26 नावाचे एन्झाइम असते. त्याचेच दुसरे नाव डीपीपी-4. ते आतडे, मूत्रपिंड व रक्तातही सापडते. टी पेशींना जागे करण्यात त्याचा हात असतोच, पण त्याचे मुख्य काम कात्रीचे. ठराविक प्रथिनांच्या टोकाचे दोन मणी ते कापते.

जेवणानंतर आतडे जीएलपी-1 हा संप्रेरक सोडते. तो स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतो. पण ही कात्री त्याला दोन-तीन मिनिटांतच निकामी करते. ग्लिप्टिन गोळी कात्रीलाच अडवते. साखर वाढलेली असतानाच हा संप्रेरक जोर धरतो, म्हणून एकट्या ग्लिप्टिनने साखर फार खाली जाण्याची भीती कमी. रोजेदारांसाठी ही मोठी गोष्ट आहे. सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड असेल तर मात्र धोका राहतो. रमजानपूर्वीच डॉक्टरांकडून डोस व वेळ ठरवून घ्यावी.

आता भावाचे. भारतात विल्डाग्लिप्टिनचे पेटंट डिसेंबर 2019 मध्ये, तर सिटाग्लिप्टिनचे जुलै 2022 मध्ये संपले. अनेक कंपन्या बाजारात उतरल्या आणि भाव कोसळले. सप्टेंबर 2022 मध्ये जनऔषधी केंद्रांत सिटाग्लिप्टिन 50 मिलिग्रॅमच्या 10 गोळ्या 60 रुपयांना आल्या. आम्ही मात्र त्यानंतरही कित्येक महिने जुन्याच भावाने गोळ्या घेत राहिलो. दुकानदाराने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. मीटरमागे चार आण्यांचा फरक पडला तर दहा पेढ्या फिरणारे आम्ही!

गोळी निर्दोष नाही. पोटात असह्य दुखू लागले तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. ताबडतोब डॉक्टर गाठावा. काहींना तीव्र सांधेदुखी होते.

हज-उमऱ्याला जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. 2012 साली सौदी अरबस्तानात आढळलेला मर्स विषाणू याच डीपीपी-4 ला धरून पेशीत शिरतो, हे 2013 मध्ये उघड झाले. तो उंटांकडून माणसात येतो. तेथे उंटांपासून दूर राहावे, उंटिणीचे कच्चे दूध पिऊ नये.

गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, बदलू नये. पण डॉक्टरांना स्वस्त पर्याय विचारण्यात लाज कसली? माल घेताना भाव विचारणे हा तर आपला पेशाच आहे.