पन्नास वर्षे बंद राहिलेले मैदान

स्वित्झर्लंडमधील बाझल शहरी २७ जुलै २०२५ रोजी युरोपच्या महिला फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धेचा अंतिम सामना झाला आणि इंग्लंडने जगज्जेत्या स्पेनला टायब्रेकरमध्ये ३-१ असे नमवून आपले अजिंक्यपद राखले. पंचविसाव्या मिनिटास मारिओना काल्देंतेयने स्पेनला आघाडी मिळवून दिली. उत्तरार्धात अलेसिया रुसोने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडून तिची फेड केली. जादा वेळेतही कोंडी फुटली नाही, आणि अखेर गोलरक्षक हॅना हॅम्प्टनने दोन पेनल्टी अडविल्यावर निर्णायक फटका क्लोई केलीने मारला. खेळाचा विचार करता स्पेनचा संघ सरस होता असे आमचे मत आहे. परंतु सरस खेळणे आणि जिंकणे या दोन गोष्टी फुटबॉलात नेहमीच एकत्र नांदत नाहीत, हे गोमंतकीय वाचकांस आम्ही सांगावयास नको.

या स्पर्धेचे ३१ सामने मैदानात जाऊन पाहणाऱ्यांची संख्या ६ लाख ५७ हजार २९१ भरली. त्याआधी २०२२ साली लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंड आणि जर्मनी यांच्यातील अंतिम सामना पाहण्यास ८७ हजार १९२ लोक लोटले होते. हे आकडे सांगताना एक शब्द हटकून वापरला जातो, तो म्हणजे ‘नवलाई’. बायकांचा फुटबॉल पाहावयास लोक आता कोठे येऊ लागले आहेत, असा त्याचा अर्थ. आम्हांला या शब्दाशी भांडावयाचे आहे, कारण तो इतिहासाला धरून नाही.

शंभर वर्षे मागे जावे लागेल. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि इंग्लंडमधील दारूगोळ्याचे कारखाने बायकांनी चालविले. प्रेस्टन येथील डिक, कर या कारखान्यातील कामगार मुलींनी १९१७ साली आपला फुटबॉल संघ उभा केला. जेवणाच्या सुटीत अंगणात चेंडू मारता मारता तयार झालेल्या या मुली पुढे जखमी सैनिकांच्या मदतीसाठी सामने खेळू लागल्या. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर सेंट हेलेन्सच्या मुलींशी त्यांचा सामना झाला, तेव्हा आत सुमारे ५३ हजार प्रेक्षक होते आणि हजारोंना जागेअभावी बाहेरून परतावे लागले. जाहिरातींचा मारा नाही, दूरचित्रवाणी नाही, आणि तरीही ५३ हजार.

यावर इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने काय केले? ५ डिसेंबर १९२१ रोजी तिने ठराव केला की हा खेळ स्त्रियांना सर्वस्वी अयोग्य असून त्यास उत्तेजन देऊ नये, आणि संलग्न क्लबांनी आपली मैदाने अशा सामन्यांस देऊ नयेत. जमलेल्या पैशांचा मोठा वाटा खर्चातच जातो, असाही आक्षेप जोडीला होता. पैशांचा हिशेब तपासता आला असता, पण त्याऐवजी फाटकालाच कुलूप घालण्यात आले. ते निघावयास १९७१ साल उजाडावे लागले. जर्मनीतही तीच तऱ्हा. तेथील संघटनेने १९५५ मध्ये बंदी घातली आणि १९७० मध्ये ती उठविताना अटी घातल्या : सामना तासाभराचा असावा, चेंडू हलका असावा, स्टडचे बूट घालू नयेत. ज्यांनी कारखान्यांत तोफगोळे घडविले त्यांच्या पिढीच्या लेकीसुनांना नव्वद मिनिटे धावणे झेपणार नाही, ही काळजी कोणाला वाटावी याचे आम्हांस नवल वाटते.

अशा पार्श्वभूमीवर युरोपीय फुटबॉलची शिखर संस्था असलेल्या युएफाने १९८२ मध्ये पहिली स्पर्धा सुरू केली. सोळाच देशांनी नावे दिली. सदस्य संघटनांपैकी निम्म्यासुद्धा पुढे न आल्याने या स्पर्धेला अजिंक्यपद हे अधिकृत नावही मिळू शकले नाही. सामने सत्तर मिनिटांचे. मे १९८४ मध्ये अंतिम फेरीची पहिली लढत गोथेनबर्गला झाली आणि पिया सुंदहागेच्या गोलवर स्वीडनने ती जिंकली. दुसरी लढत इंग्लंडमध्ये ल्यूटन येथे झाली. पावसाने मैदानाचा अक्षरशः चिखल झाला होता. श्रावणातल्या पावसात खेळलेल्या कोणाही गोमंतकीयास चेंडू अशा चिखलात कसा रुतून बसतो याची कल्पना येईल. त्या दिवशी इंग्लंडने १-० ने बरोबरी साधली, पण टायब्रेकरमध्ये स्वीडन ४-३ ने सरस ठरला आणि शेवटची पेनल्टी पुन्हा सुंदहागेनेच जाळ्यात मारली.

१९८९ सालची कथा तर ऐकणाऱ्यास खोटी वाटावी. पश्चिम जर्मनी यजमान होती. इटलीविरुद्धचा उपांत्य सामना तेथील दूरचित्रवाणीने थेट दाखविला. महिलांचा सामना जर्मनीत असा प्रथमच दाखविला जात होता. टायब्रेकरमध्ये गोलरक्षक मारियॉन इस्बर्टने तीन पेनल्टी अडविल्या आणि विजयाची पेनल्टी स्वतःच मारली. ते पाहून ओस्नाब्रुकच्या अंतिम सामन्यास २२ हजारांची गर्दी उसळली आणि नॉर्वेचा ४-१ असा फडशा पडला. या पराक्रमाबद्दल जर्मन संघटनेने आपल्या विजेत्या खेळाडूंना काय दिले, तर कॉफीच्या कपबशांचा एकेक संच. देणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या मनात बाई आणि स्वयंपाकघर यांची फारकत झालीच नव्हती, इतकेच. त्या कपबशा जर्मनीत आजही विसरल्या गेलेल्या नाहीत. मात्र त्यानंतर तेथे संघ, प्रशिक्षक आणि स्पर्धा यांची घडी नीट बसली व २०१३ पर्यंत जर्मनीने हे अजिंक्यपद आठ वेळा पटकावले, त्यांपैकी सहा वेळा सलग.

पुढच्या काळात मान मिळाला. पैशांची रड उरली. २०१७ मध्ये नेदरलँड्सने डेन्मार्कला ४-२ ने हरवून अजिंक्यपद मिळविले. काही आठवड्यांनीच या दोन संघांचा मैत्रीचा सामना ठरला होता. तो झालाच नाही, कारण डेन्मार्कच्या खेळाडूंचा आपल्या संघटनेशी मानधनावरून वाद पेटला होता. त्याच वादापायी ऑक्टोबरमध्ये स्वीडनविरुद्धचा विश्वचषक पात्रता सामनाही रद्द झाला आणि डेन्मार्कच्या पदरी पराभव टाकण्यात आला. उपविजेतेपदाचे हारतुरे सुकण्यापूर्वीच खेळाडूंना मैदान सोडून बसावे लागावे, हे काही भूषणावह नव्हे.

२०२२ मध्ये महिलांच्या या स्पर्धेत एकूण १ कोटी ६० लाख युरो बक्षीस होते, २०२५ मध्ये ते ४ कोटी १० लाख झाले. वाढ मोठी आहे आणि त्यातील ठराविक हिस्सा खेळाडूंच्याच हाती पडावा असा नियम प्रथमच झाला, हे त्याहून बरे. पुरुषांच्या २०२४ च्या स्पर्धेतील रक्कम ३३ कोटी १० लाख युरो होती. उत्पन्न जसे तसे बक्षीस, असे यावर सांगितले जाते, आणि व्यवहाराच्या दृष्टीने ते खोडून काढण्याजोगेही नाही. पण दुकानाला पन्नास वर्षे टाळे ठोकून ठेवावयाचे आणि उघडल्या दिवशी खतावणी मागावयाची, हा कोणता व्यवहार?

बाझलचे हे वृत्त वाचताना आम्हांस मडगावचीही आठवण झाली. स्पेनच्या २०२५ च्या संघात व्हिकी लोपेस ही कोवळ्या वयाची खेळाडू होती. पोर्तुगालविरुद्धच्या सलामीच्या सामन्यात तिने गोलही केला. हीच मुलगी २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकासाठी भारतात आली होती आणि स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान घेऊन परतली. त्या विश्वचषकाचे दोन्ही उपांत्य सामने २६ ऑक्टोबर २०२२ रोजी आमच्या फातोर्ड्याच्या मैदानावर झाले. त्यांतील एकात स्पेनने जर्मनीला अगदी शेवटच्या क्षणी गोल करून १-० ने हरविले. फातोर्ड्यापासून अवघ्या तीन वर्षांत युरोपच्या अंतिम फेरीपर्यंत, असा तिचा प्रवास. त्याच विश्वचषकात यजमान भारताच्या मुली भुवनेश्वरला अमेरिका, मोरोक्को आणि ब्राझील यांच्याकडून मिळून सोळा गोल खाऊन बाहेर पडल्या व त्यांना एकही गोल करता आला नाही. त्या मुलींना दोष देण्यात अर्थ नाही. समोरच्या मुली आठव्या-नवव्या वर्षापासून क्लबांत खेळत आल्या असतील, तर सोळाव्या वर्षी शिबिरात बोलावून हे अंतर भरून निघत नसते.

तरीही आपल्याकडे सारा अंधार आहे असे नाही. इकडे स्वित्झर्लंडमध्ये युरोपची स्पर्धा सुरू असतानाच ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील च्यांगमाई येथे भारताच्या महिलांनी यजमान थायलंडला २-१ ने हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळविली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. गोमंतकात या खेळाचे वेड कोणी शिकवावे लागत नाही. कापणी झालेल्या शेतात गोलाचे खांब उभे राहावयास एक संध्याकाळ पुरते. आमच्या क्लबांनी, ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी त्या मैदानाच्या आठवड्यातून दोन संध्याकाळी दहा वर्षांच्या मुलींसाठी लेखी राखून ठेवाव्यात, त्यांना शिकविण्यास पगारी प्रशिक्षक नेमावा आणि कपडे बदलण्यास एक खोली द्यावी, एवढीच मागणी आम्ही आज करीत आहोत. येत्या अंदाजपत्रकाच्या चर्चेत क्रीडाखात्याने तिच्यासाठी किती रक्कम ठेवली, हेही आम्ही पाहणार आहोत.