एकशे चाळीस रिपो, एक कमांड

रात्रीचे साडेदहा. हिंजवडीतल्या या मजल्यावर एसी कधीच बंद झालाय. लॅपटॉपचा पंखा घरघरतोय. रांगेत आम्ही दोघंच, मी आणि शेजारची ज्युनियर. तिच्या स्क्रीनवर ओळी धावतायत. पांढऱ्या, पांढऱ्या, मधेच एक लाल.

“थांब, ते लाल काय होतं?”

“कुठलं?”

ती वर स्क्रोल करते. एडिटरमधलं हे टर्मिनल एरवी हजारच ओळी धरून ठेवतं. लाल ओळ केव्हाच पुसली गेलीय.

“अगं, लॉग कुठाय?”

“स्क्रीनवर होता की.”

एका लायब्ररीचं व्हर्जन सगळीकडे बदलायचंय. १४० रिपो. प्रत्येकात शिरायचं, ताजा कोड ओढायचा, टेस्ट चालवायच्या. एकामागून एक लावलं तर उजाडेल, म्हणून तिने एका वेळी आठ सोडलेत. आता आठही एकदम बोलतायत. एकाची ओळ संपायच्या आत दुसऱ्याची घुसते. स्वारगेटला कंडक्टर ओरडत असतात, तसं. कोण कुठल्या गाडीचा, कळत नाही.

कंट्रोल-सी. पुन्हा पहिल्यापासून, या वेळी दर रिपोला वेगळी फाइल. कोड ओढून होतो. ती पहिली फाइल उघडते. शून्य बाइट. गिट फेचची बडबड साध्या आउटपुटच्या वाटेने येतच नाही, चुकांच्या वाटेने येते. तिने फक्त पहिली वाट फाइलकडे वळवलेली. दुसरीही वळवते.

तरी पडद्यावर बघायची हौस आहेच, म्हणून मधे ‘टी’ लावते. चहा नव्हे, नळकामातला टी जॉइंट. कमांडचं नावच त्यावरून पडलंय. धार एक, तोंडं दोन: एक पडद्याकडे, एक फाइलकडे.

मशीनची कॉफी होते. ती गोडच असते. परत येतो तर १४० पैकी १४० पास.

छातीत धस्स होतं. इतकं चांगलं कधी होत नाही. पाइपमध्ये शेल शेवटच्या कमांडचा निकाल सांगतो. इथे शेवटची कमांड ‘टी’, आणि तिचं काम चोख झालंय. पाइपफेल चालू करायचं राहिलं होतं.

तिसरा रन. सव्वाबारा. खालून शेवटची कॅब हॉर्न देते, ती हाताने “दोन मिनिटं” करते. प्रत्येक फाइलच्या शेवटी आता एक्झिट कोड लिहिलेला. शून्य, १३१ फायलींत. १, सहांत, टेस्ट पडल्यात. १२८, तिघांत; इथे गिटनेच हात टेकलेत. त्यातली एक उघडतो. “परमिशन डिनाइड.” त्या रिपोचा अॅक्सेसच तिला दिलेला नाही. ती लाल ओळ बहुतेक हीच.

फोल्डरच्या नावात ती तारीख आणि वेळ घालते, उद्याचा रन यावर सांडू नये म्हणून. मग लॅपटॉप मिटते.

१४० फायली, मिळून ११ एमबी. फोनमधल्या दोन-तीन फोटोंएवढ्या.